अतिवृष्टीचा अंदाज आणि गावातील पुराचा हिशेब : पेण व रोहा तालुके

पेण व रोहा या तालुक्यांतील शेतकऱ्यास पाऊस परका नाही. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भागात चिखळणी, लावणी व बेणणी ही सर्व कामे भर पावसातच उरकावी लागतात. केवळ पाऊस जोराचा आहे म्हणून येथे कोणी घाबरत नाही. खरे भय असते ते वेगळ्या प्रसंगाचे. डोंगरावर पडलेले पाणी, धरणातून सोडलेले पाणी आणि खाडीतून चढणारे पाणी ही तिन्ही एकाच वेळी गावाशी येऊन मिळतात, तेव्हा पूर येतो. ही वेळ आधी ओळखता आली तर माणसे, गुरे व घरातील धान्य वाचते. हवामान खात्याचा अंदाज ही त्या ओळखीची पहिली पायरी आहे. पुढील पायऱ्या गावानेच चढावयाच्या असतात. त्या कोणत्या, हे येथे सांगितले आहे.

अंदाजाची भाषा

अंदाज ऐकला परंतु त्याचा अर्थ कळला नाही, तर तो ऐकूनही न ऐकल्यासारखाच होतो. त्यातील प्रत्येक शब्दास ठरलेले माप आहे. सकाळी साडेआठ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजेपर्यंत पडलेला पाऊस हा एका दिवसाचा पाऊस मानतात. तो ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर असेल तर जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर असेल तर अतिजोरदार, आणि त्याहून अधिक असेल तर अत्यंत जोरदार असे हवामान खाते म्हणते. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ मात्र ६५ मिलिमीटरच्या पुढे सुरू होते, कारण ती नुकसानीच्या पंचनाम्यासाठी ठरविलेली मर्यादा आहे. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळू नयेत.

पाऊस किती ठिकाणी पडेल हे सांगणाऱ्या शब्दांनाही माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील एकूण केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यात, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिजोरदार पाऊस’ असा इशारा असताना पेणला ऊन पडले आणि पालीकडे ओढे फुटून वाहिले, तर तो अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. तो खराच ठरलेला असतो.

इशाऱ्याचे रंग चार आहेत. हिरवा असेल तर विशेष काही नाही. पिवळा असेल तर लक्ष ठेवावे, नारिंगी असेल तर तयारी करावी आणि तांबडा असेल तर प्रत्यक्ष हालचाल करावी. तांबडा इशारा मिळाल्यावर तयारीस लागणारे गाव एक दिवस मागे पडलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

अंदाज कसा बांधतात

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात व पाऊस पाडतात. हे वारे नेहमी एकाच जोराने वाहत नाहीत. पश्चिम किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला, किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकू लागले, म्हणजे वाऱ्यास जोर चढतो आणि कोकणात पावसाची मोठी झड लागते. म्हणूनच ओडिशाच्या किनाऱ्यावरील बातमीचा संबंध रोह्याच्या खाचराशी असतो.

१८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते या घडामोडींवर उपग्रह, रडार, किनाऱ्यावरील वेधशाळा व स्वयंचलित केंद्रे यांच्या साहाय्याने लक्ष ठेवते. मिळालेली माहिती मोठ्या संगणकांवर घालून वातावरणाची पुढील स्थिती गणिताने काढली जाते. या गणितासाठी पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागलेला असतो. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या भारत अंदाज प्रणालीत ही चौकट सुमारे १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली गेली. सुधारणा मोठी आहे. तथापि सहा किलोमीटरांच्या एका चौकटीत डोंगर, दरी, नदी व चार-पाच गावे सहज मावतात.

एकाच दिवशी जवळच्या दोन ठिकाणी केवढा फरक पडू शकतो याचे उदाहरण २६ जुलै २००५ चे आहे. त्या दिवशीच्या नोंदीत मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथून सुमारे २५ किलोमीटरांवर असलेल्या कुलाबा वेधशाळेत केवळ ७३ मिलिमीटर पाऊस झाला. जिल्ह्याचा अंदाज म्हणजे गावाचा अंदाज नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

अंदाजाचा भरवसा काळाप्रमाणेही बदलतो. चार-पाच दिवस आधीचा अंदाज कामाची आखणी करण्यासाठी, एक-दोन दिवस आधीचा अंदाज तयारीसाठी आणि रडारवरून पुढील तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक इशारा हालचालीसाठी वापरावा. पाच दिवसांपूर्वी ऐकलेल्या अंदाजावर पाचव्या दिवशी विसंबून राहू नये. रोज सकाळी व सायंकाळी नवा अंदाज पाहावा.

नक्षत्रांचा हिशेब

मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा नक्षत्रांवरून शेतीची कामे ठरविण्याची रीत जुनी आहे. पेरणी व लावणी यांचा सर्वसाधारण काळ दाखविण्यासाठी ती उपयोगी आहे. परंतु कोणत्या दिवशी पूर येईल हे नक्षत्र सांगू शकत नाही. पुनर्वसूच्या पावसास ‘तरणा’ व पुष्याच्या पावसास ‘म्हातारा’ म्हणतात. म्हाताऱ्या पावसात जोर कमी, असा समज त्यावरून होतो. अनुभव तसा नाही. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा गावात मोठी प्राणहानी झाली. २६ जुलै २००५ चा पाऊस वर सांगितलाच आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले व त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. हे तिन्ही दिवस पुष्य नक्षत्रातील, म्हणजे म्हाताऱ्या पावसातीलच होते.

याचे एक कारण जमिनीतही आहे. जूनमधील कोरडी जमीन पहिल्या पावसाचे पुष्कळ पाणी पिऊन टाकते. जुलैच्या उत्तरार्धात ती तृप्त झालेली असते, खाचरे भरलेली असतात व धरणांतही पाणी चढलेले असते. त्यामुळे जूनमध्ये निभावून गेलेला शंभर मिलिमीटर पाऊस जुलैअखेर तसाच निभावेल असे समजू नये.

डोंगराचे पाणी

एक गुंठा जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे दहा हजार लिटर पाणी पडते. एक चौरस किलोमीटरवर तेच पाणी दहा कोटी लिटर, म्हणजे एक लाख घनमीटर होते. नदीचे पाणलोट क्षेत्र शंभर चौरस किलोमीटर असेल व जमीन तृप्त असल्यामुळे सर्व पाणी वाहून आले, तर ते एक कोटी घनमीटर भरेल. हे पाणी चोवीस तासांत सावकाश उतरले तर नदीतून दर सेकंदास सरासरी सुमारे ११५ घनमीटर पाणी जाईल. सहा तासांत उतरले तर तोच आकडा ४६० च्या वर जाईल. पाऊस तेवढाच, पण पहिल्या वेळी नदी पात्रात राहील व दुसऱ्या वेळी घरात शिरेल. म्हणून पाऊस किती पडला याबरोबरच किती वेळात पडला, हेही पाहिले पाहिजे.

या दोन तालुक्यांस मुख्यतः तीन नद्यांचा विचार करावा लागतो. अंबा नदी सह्याद्रीतून जांभूळपाड्यावरून नागोठण्यास येते व पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. कुंडलिका भिरा व कोलाडवरून रोह्यास येते व रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. पेण शहराजवळून भोगावती वाहते. नागोठण्याच्या शेतकऱ्याने आपल्या अंगणातील पावसापेक्षा जांभूळपाड्याकडील पावसाची चौकशी अधिक अगत्याने करावी. अंगणात पाऊस थांबला म्हणून नदी उतरेल असे नाही. वरचे पाणी यावयाचे बाकी असते.

धरणाचे पाणी

कुंडलिकेची स्थिती थोडी निराळी आहे. भिरा येथील वीजगृह १९२७ पासून सुरू असून सह्याद्रीपलीकडील मुळशी जलाशयाचे पाणी वीज निर्माण करून या नदीत उतरते. म्हणजे घाटापलीकडच्या जलाशयाचे पाणी घाटाखालील रोह्याच्या नदीत येते. भोगावतीच्या वरच्या अंगास हेटवणे धरण आहे. धरण भरेपर्यंत ते पुराचे पाणी अडवून धरते; भरल्यावर मात्र येणारे पाणी खाली सोडावेच लागते. त्यामुळे धरण किती भरले आहे ही माहिती अंदाजाइतकीच महत्त्वाची आहे. अर्धे भरलेले धरण आणि तांबडा इशारा ही एक स्थिती. काठोकाठ भरलेले धरण आणि केवळ नारिंगी इशारा ही दुसरी. दुसरी स्थिती अधिक घातक ठरू शकते.

नद्यांच्या पातळ्या जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोज प्रसिद्ध करते. नागोठणे येथे अंबेची इशारा पातळी ८ मीटर व धोका पातळी ९ मीटर धरली जाते. कुंडलिकेची डोलवहाळ बंधाऱ्याजवळील इशारा पातळी २३ मीटर व धोका पातळी २३.९५ मीटर धरली जाते. दोन्ही ठिकाणी इशारा व धोका यांमध्ये जेमतेम एक मीटरचे अंतर आहे. पाणी तासाला २५ सेंटिमीटर चढत असेल तर चार तास हाती आहेत. ५० सेंटिमीटर चढत असेल तर दोनच. नुसती पातळी ऐकून थांबू नये. एक तासाच्या अंतराने दोन पातळ्या घ्याव्यात व पाणी कोणत्या वेगाने चढते आहे ते काढावे.

खाडीचे पाणी

पेणच्या खारपट्ट्यात व रोह्याच्या खाडीकाठी पुराचा निकाल पुष्कळदा भरती लावते. खारबंदिस्तीच्या उघाडीची झडप बाहेरच्या बाजूस उघडते. ओहोटीला शेतातील पाणी झडप ढकलून खाडीत जाते. भरतीला खाडीचे पाणी झडप बंद करते. भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून ही योजना आहे. परंतु त्या वेळी शेतातील पाण्यासही वाट उरत नाही. दिवसातून दोनदा भरती येते व दोन भरतींमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते. मोठा पाऊस नेमका भरतीवर आला तर पावसाचे व नदीचे पाणी ओहोटी लागेपर्यंत तुंबून राहते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती, आणि पावसाचा भर त्याच सुमारास होता.

पौर्णिमा व अमावास्या आणि त्यांच्या पुढील दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. ती कमी चढते. तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब आजही उपयोगी आहे. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. खाडीच्या आतील गावांस ती काही वेळाने पोचते. छापील कोष्टक मिळत असल्यास त्यावरच भिस्त ठेवावी. नारिंगी अथवा तांबडा इशारा आणि उधाण एकाच दिवशी येत असतील, तर तो दिवस आठवडाभर आधीच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवण्याजोगा आहे. कारण पाऊस बदलू शकेल, पण उधाणाचा दिवस बदलत नाही.

समुद्रबांधास खांड पडली तर नुकसान एका हंगामाचे राहत नाही. खारे पाणी जमिनीत मुरते व पुढील पावसाने क्षार धुऊन जाईपर्यंत भाताचे पीक धड येत नाही. म्हणून बांधावरील खेकड्यांची बिळे बुजविणे, खचलेला भाग भरून काढणे व उघाडीची झडप गाळ काढून मोकळी करणे ही कामे मृगापूर्वीच संपली पाहिजेत. खाडीला उधाण असताना बांधावर जाऊन माती टाकण्याचे धाडस करू नये.

गावाने ठेवावयाची नोंद

गावातील माहिती गावातच गोळा झाली तर अंदाजाचा उपयोग दुणावतो. त्यासाठी खर्च थोडा व नियमितपणा फार लागतो.

१. सपाट तळाचे व सरळ उभ्या कडांचे भांडे झाड व छप्पर यांपासून दूर, उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मोजून वहीत लिहावी व भांडे रिकामे करावे. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतात. मोठ्या पावसात दर तासास मोजावे.

२. पुलाच्या खांबावर अगर पक्क्या भिंतीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या ठळक खुणा रंगवाव्यात. मागील मोठ्या पुराची खूण वडीलधाऱ्या माणसांस विचारून वेगळ्या रंगाने काढावी.

३. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या दोन गावांतील जबाबदार व्यक्तींशी दूरध्वनीचा संबंध ठेवावा. वरचा निरोप खालच्या गावास पुरापेक्षा आधी पोचला पाहिजे.

४. रोजच्या पानावर पाच गोष्टी लिहाव्यात : इशाऱ्याचा रंग, गावचा पाऊस, वरच्या गावचा पाऊस, धरण व नदीची पातळी, आणि भरतीची वेळ. यांपैकी तीन गोष्टी प्रतिकूल दिसताच सरपंच, पोलीस पाटील व ग्रामकार्यकर्ते यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा.

दोन-तीन पावसाळ्यांनंतर ही वही बोलू लागते. वरच्या गावात तीन तासांत अमुक पाऊस झाला म्हणजे आपल्या खुणेवर किती वेळाने किती पाणी येते, हे तिच्यावरून कळते. ही माहिती कोणत्याही संगणकाकडे नसते.

शेतीच्या कामांची आखणी

जोरदार पावसाचा इशारा असताना भातास वरखत देऊ नये; ते पाण्याबरोबर वाहून जाते. औषधफवारणीही पुढे ढकलावी. रोपवाटिकेतील पाणी काढण्याचे चर मोकळे करावेत. लावणी एक-दोन दिवस लांबविता येत असेल तर लांबवावी, कारण मूळ न धरलेली रोपे पुरात उपटून जातात. थोडी जादा रोपे उंच जागी राखून ठेवावीत, म्हणजे पूर ओसरल्यावर तूट भरता येते. खाचरांच्या बांधांची तोंडे आधीच योग्य ठिकाणी फोडून पाण्यास वाट द्यावी. न दिल्यास पाणी आपली वाट स्वतः काढते व बांध घेऊन जाते. पाणी उतरल्यावर रोपांवरील गाळ व कचरा दूर करावा, शेतातील साचलेले पाणी काढावे आणि रोपांस नवी पालवी दिसल्यानंतरच खताचा विचार करावा. नुकसान झाले असल्यास त्याची तारीख व क्षेत्र लिहून ठेवून ताबडतोब कळवावे.

घरातील बियाणे, खताच्या गोण्या व धान्य पुराच्या जुन्या खुणेच्या वर ठेवावे. पेण परिसरात, हमरापूर व जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत, जुलैमध्ये मूर्ती वाळत असतात. सखल जागेतील मूर्ती वरच्या फळ्यांवर चढविण्यास वेळ लागतो, म्हणून ते काम नारिंगी इशाऱ्यावरच सुरू करावे. गुरे दिवसाउजेडी उंचावर न्यावीत. डोंगरउतारावरील वाड्यांनी जमिनीस नवी भेग पडणे, झाडे अगर खांब कलणे व झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे या खुणा दिसताच घरे सोडावीत. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड रात्री कोसळली, हे विसरता येणार नाही.

इशारा फुकट गेला तर

इशारा आला, गुरे हलविली, सामान वर चढविले आणि पाऊस पडलाच नाही, असे अनेकदा घडेल. दोन वेळा असे झाले की तिसऱ्या वेळी लोक जागचे हलत नाहीत. येथेच ग्रामकार्यकर्त्याची कसोटी आहे. त्याने अंदाज अचूक असल्याची हमी देऊ नये. हिशेब समजावून सांगावा. म्हैस उंचावर नेऊन परत आणण्यात अर्ध्या दिवसाची मेहनत जाते. ती गोठ्यात बांधलेली राहिली व रात्री पाणी आले, तर म्हैस जाते, आणि तिचे दावे सोडावयास पाण्यात उतरलेला माणूसही जाण्याचा संभव असतो. दहा वेळांपैकी नऊ वेळा मेहनत फुकट गेली, तरी दहाव्या वेळेचा लाभ सर्वांची भरपाई करतो.

निर्णय अंधार पडण्यापूर्वी घ्यावा. सायंकाळी नदी इशारा पातळीजवळ असेल, डोंगरावर पाऊस चालू असेल आणि रात्री भरती असेल, तर सखल भागातील वृद्ध, मुले व आजारी माणसे यांना उजेड असतानाच शाळेत अगर देवळात हलवावे. पुलावरून पाणी वाहत असताना पायी किंवा वाहनाने जाऊ नये. मदत लागल्यास जिल्हा नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर कळवावे.

हवामान खाते आकाशाकडे पाहून जिल्ह्यास इशारा देते. नदी किती चढली, उघाडी मोकळी आहे की नाही आणि नदीकाठच्या शेवटच्या घरात कोण एकटे आहे, हे गावासच ठाऊक असते. या दोन्ही माहितींची सांगड वेळीच घातली गेली, तर पाऊस कितीही मोठा असला तरी गावास तो बेसावध गाठू शकणार नाही.